पाठमोरा दागिना

वारल्यांच्या लग्नचौकात एक फणी असते. पालघट देवीभोवती तांदळाच्या पिठानं भरलेल्या त्या दाट पांढऱ्या नक्षीत नजर आधी देवीकडे जाते, मग चौकटीच्या साखळ्यांकडे, मग सूर्य-चंद्राकडे. फणी सहसा निसटते. सिल्वासाजवळच्या खेरडीपासून तलासरी-डहाणूपर्यंतचा हा मुलूख वारली, कोकणा, धोडिया अशा जमातींचा. मध्ये १९५४ पर्यंत पोर्तुगिजांची हद्द होती, पण कुडाच्या भिंतीवरची रेघ हद्दीच्या दोन्ही अंगांना एकच. सवासिणी चौक लिहितात, लग्न लावणारी पुजारीण म्हणजे धवलेरी गाणी म्हणते, आणि चौक पुरा झाल्याशिवाय लग्न लागत नाही. अशा पवित्र जागी, सूर्य-चंद्राच्या पंगतीला, केस विंचरायचं रोजचं साधन मानानं बसवलेलं आहे. केसांच्या शृंगाराला एवढी वरची जागा देणारं दुसरं चित्र मला माहीत नाही.

ती फणी जवळून पाहावी. चौकात शिडीही असते, आणि दोन्ही वस्तू एकाच रेघेतून घडलेल्या आहेत: एक कणा आणि त्याला लागून समांतर रेघा. शिडीच्या रेघा दोन्ही टोकांना बांधलेल्या, फणीच्या रेघांचं एक टोक मोकळं. एवढ्याशा फरकावर एक वस्तू चढण्याची होते आणि दुसरी केसांतून फिरण्याची. बांबूची काडी, तिचं चावून मऊ केलेलं टोक आणि पाण्यात कालवलेलं पीठ ही सगळी सामग्री. पिठाचा रंग ओला असताना फिकट दिसतो, वाळल्यावर उमटतो. म्हणजे रेघ ओढताना ती कशी दिसणार याचा अंदाज हातालाच असावा लागतो. तरीही दात एकमेकांपासून सारख्या अंतरावर पडतात. खरी फणी रोज हातात धरणाऱ्या बाईचीच ही मापं आहेत.

याच चित्रात केसांची दुसरी खूण आहे, आणि ती फणीहूनही बारीक आहे. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण, वर गोल डोकं, काडीसारखे हातपाय. नाक नाही, डोळे नाहीत. बाईच्या डोक्यामागे मात्र एक छोटा ठिपका असतो. तो अंबाडा. या ठिपक्यानं बाई ओळखू येते हे कुणीही सांगेल. त्याचं खरं काम तारप्याच्या नाचात कळतं. तारपा वाजवणाऱ्याभोवती साखळी वळसे घेत जाते, चेहरे कोरे आहेत, मग कुणाचं तोंड कुठं हे कसं कळावं? ठिपक्यावरून. अंबाडा ज्या अंगाला, त्याच्या उलट अंगाला तोंड. म्हणजे हा ठिपका शृंगाराचा असूनही सबंध नाचाला दिशा देतो. तो काढून टाकला तर साखळी जागच्या जागी उभी राहील. जिव्या सोमा मशे (१९३४ ते २०१८) यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेली, जगभर पोचवली, तरी हा ठिपका त्यांनी जपला. चेहऱ्याचं सगळं काम पाठीमागच्या एका टिंबावर सोपवण्याची ही काटकसर थोर आहे.

केसांतल्या दागिन्याचा स्वभाव त्या ठिपक्यात आधीच सांगून झालेला आहे. नथ, ठुशी, बांगड्या घालणारीला स्वतःला दिसतात, निदान आरशात तरी. अंबाड्यावरचं फूल तिला दिसत नाही. ते मागून येणाऱ्यासाठी, पंगतीत मागे बसलेल्यांसाठी, देवळात रांगेत उभ्या असलेल्यांसाठी. आणि त्याचं मूळ हत्यारात आहे: विंचरायला फणी, गुंता उकलायला काडी, बांधायला दोरा. हत्यार कामानंतर केसांतच राहिलं आणि त्यावर नक्षी चढली. म्हणून मी असा कुठलाही दागिना आधी उलटा करून पाहते. तो केसांत कसा रुतवला आहे, हे पाठीवर दिसतं, आणि कारागिराचं शहाणपणही तिथंच दिसतं.

वारल्यांच्या लग्नचौकाशेजारी छोटा देवचौक असतो. त्यातला पंचशिऱ्या देव घोड्यावर स्वार आहे, पण त्याला डोकं नाही. मानेतून धान्याची पाच कणसं वर आलेली. पीक हेच त्याचं मस्तक आणि तोच मुकुट. या चित्रापुढं मला दर वेळी जपानमधल्या क्योतोची आठवण होते. तिथं नाच-गाण्याचं शिक्षण घेणाऱ्या मुली, ज्यांना माइको म्हणतात, नव्या वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात केसांत भाताच्या खऱ्या लोंब्या खोवतात. जपानी केसांच्या दागिन्यांना कान्झाशी म्हणतात, आणि एरवी त्यांत रेशीम, लाख, चांदी, कासवाच्या पाठीचं कवच यांची रेलचेल असते. वर्षाच्या आरंभी मात्र काळ्याभोर, मेण लावून चापलेल्या केसांवर पिवळसर, वाळलेली, दाण्यांनी वाकलेली लोंबी. सोबत एक लहानसं पांढरं कबूतर असतं, त्याला डोळा काढलेला नसतो. तो आवडत्या माणसाकडून काढून घ्यायचा असा संकेत आहे. दागिना पुरा करायला दुसऱ्याचा हात लागतो, ही कल्पना फार सुंदर आहे.

माइकोच्या केसांत महिन्याप्रमाणे फूल बदलतं. फेब्रुवारीत प्लम, मार्चमध्ये मोहरीच्या जातीची पिवळी फुलं, एप्रिलमध्ये चेरी, मेमध्ये लोंबणारी विस्टेरिया, जूनमध्ये विलोच्या डहाळ्या, नोव्हेंबरमध्ये मेपलची लाल पानं. ही फुलं रेशमाची. पातळ रेशमाचे छोटे चौकोन कापायचे, चिमट्यानं दुमडायचे, आणि एकेक पाकळी तांदळाच्या खळीवर उभी करत जायचं. दुमड मुख्यतः दोन प्रकारची, एक गोलसर आणि एक टोकदार. एवढ्याच दोन घड्यांतून सगळी बाग उभी राहते: गोल घडीनं प्लम, टोकदार घड्यांच्या रांगांवर रांगा चढवत शेवंती. पाकळीच्या आत जी पोकळी राहते तिथं सावली साठते, आणि फुलाला खोली येते ती त्या सावलीनं. शिकाऊ मुलीच्या पहिल्या वर्षी या फुलांना गालापर्यंत लोंबणारी पाकळ्यांची झालर असते. पुढं झालर जाते, फुलं कमी होतात, रंग निवतात. वय आणि अधिकार वाढत जातो तसं केसांतलं ओझं उतरत जातं. शोभा कमी करत नेऊन मान वाढवण्याची ही रीत मला अतिशय भारदस्त वाटते.

हा थाट तिथं कायमच होता असं नाही. फुकुई प्रांतातल्या तोरिहामा इथं लाल लाखेची एक लाकडी फणी मिळाली आहे, सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची. ती केसांत खोचून मिरवायची असावी. पुढं हेइआन काळात (७९४ ते ११८५) दरबारी स्त्रिया केस मोकळे सोडू लागल्या, जमिनीवर लोळतील इतके लांब, आणि दागिना मागं पडला. केस हीच शोभा झाली. एदो काळात (१६०३ ते १८६८) केस पुन्हा वर बांधले गेले, त्यांचे मोठमोठे डौलदार फुगे झाले, आणि फणी, आडवी काडी, कान्झाशी यांना बहर आला. त्या काळच्या कित्येक कान्झाशींचं वरचं टोक पाहण्यासारखं आहे: तिथं कान कोरायची इवलीशी पळी असते. चैनीच्या वस्तूंवर सरकारी बंदी वारंवार येई. तेव्हा हा दागिना नव्हे, कानकोरणं आहे असं म्हणायची सोय त्यात होती, असं सांगतात. खरं काही असो, त्या पळीमुळं काडीच्या टोकाला जी हलकी मुरड मिळाली तिनं सगळ्या आकृतीला तोल आला आहे. मग १८८५ मध्ये तिथं सुटसुटीत अंबाड्याचा प्रचार करणारी संस्था निघाली. जुनी रचना जड होती, ती मोडू नये म्हणून लाकडी उशीवर मान टेकून झोपावं लागे, केस धुणं लांबणीवर पडे. बायकांची मान मोकळी झाली ते उत्तमच झालं. कान्झाशी मग लग्न, वयात येण्याचा समारंभ, मुलींचे सणवार आणि रंगभूमी इथं येऊन टिकली.

आपल्याकडची वाट याहून फार निराळी नाही, फक्त आपण ती लिहून ठेवली नाही. एक फार जुना पुरावा पाहायला मात्र नेपल्सच्या संग्रहालयात जावं लागतं. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईत १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, सुमारे २४ सेंटिमीटर उंच, घडण भारतीय. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्तीचा खालचा भाग मिळाला, तेर गावीही तिची बहीण शोभेल अशी हस्तिदंती मूर्ती आहे. त्यामुळं ही बाई आपल्या दख्खनची असण्याची शक्यता बरीच मानली जाते. तिच्या दोन बाजूंना प्रसाधनाचं साहित्य घेतलेल्या दोन चिमुकल्या दासी आहेत. बहुतेक छायाचित्रं तिला समोरून दाखवतात. तिला पाहायचं ते मागून. पाठीवरून जाड वेणी कमरेखाली उतरते, आणि कारागिरानं ती दागिन्यांसकट कोरली आहे. मूर्तीत वरून भोक पाडलेलं आहे, त्यामुळं ती आरशाची मूठ असावी किंवा छोट्या मेजाचा पाय, असे तर्क झाले. मला मुठीचा तर्क मोहवतो. तोंड पाहायला आरसा हातात घेतला की बोटांच्या पेरांना मागची वेणी लागावी. जी जागा आरशात दिसत नाही ती हाताला कळावी.

आता मराठी अंबाडा. तो अलीकडं आकडे मारून पाच मिनिटांत होतो. पूर्वी ती घरातल्या दोन बायकांची बैठक असे. एक पुढं बसे, दुसरी मागं. फणेरपेटी उघडे: आत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा, मेणाचा डबा. तेल चोपून केस तीन, चार किंवा पाच पेडांत घालायचे. केस विरळ असतील तर गंगावन मिसळायचं. मुळाशी आणि टोकाशी आगवळ. आगवळ म्हणजे केस बांधायचा तो साधा दोरा, आणि सगळा सोन्याचा संसार त्याच्या जिवावर उभा असतो. तो सैल पडला तर तोळ्यांचा दागिना खांद्यावर येईल. करकचून आवळला तर कपाळ ठणकेल. आगवळीचा ताण नेमका ठेवणाऱ्या हाताची कसबं कुठल्या संग्रहालयात मांडता येत नाहीत, पण मी त्या हाताला सोनाराच्या बरोबरीचा मान देते.

पाठीमागून पाहताना वरून खाली यावं. माथ्याच्या मागं राखडी, सोन्याची गोल, बहुधा माणकं जडवलेली. मूदही तशीच गोल, अंबाड्यावर बसणारी. मग केतक, अग्रफूल, वेणीत नाग, आणि वेणी मोकळी असेल तर टोकाला गोंडे. यांतली राखडी पाहताना मध्यावर नजर ठेवावी. तिथला खडा कडेच्या खड्यांहून उंचावर असतो, आणि कडेकडं उतरत जाणारा तो किंचित घुमट डोक्याच्या गोलाईशी जुळतो. सपाट चकती माथ्यावर ठेवली की तिच्या कडा उचललेल्या दिसतात. घुमटाकार राखडी केसांतूनच फुगून आल्यासारखी वाटते. उलटी केली की पाठीवर कड्या दिसतात. त्यांतून दोरा ओवून तो केसांत गुंफायचा. पुढचं सगळं ऐश्वर्य मागच्या त्या दोन-तीन कड्यांवर तोललेलं असतं, आणि चांगला सोनार या कड्या कडेला लावत नाही, थोड्या आत घेतो. त्यामुळं दोरा कुठूनच दिसत नाही.

केतक ही केवड्याच्या पानाची आठवण आहे. श्रावण-भाद्रपदात केवड्याची खरी पानं वेणीत गुंफायची हौस अजून पुरती गेलेली नाही. ते पान लांब, निमुळतं, कण्याशी दुमडलेलं. सोन्यात तीच निमुळती वक्रता उतरते. माझ्या दृष्टीनं सगळ्या मराठी केशालंकारांत हा सर्वांत हुशार आकार आहे, कारण अंबाडा गोल आणि राखडी गोल. गोलावर गोल रचत गेलं की नजर तिथंच फिरत राहते. केतकाची तिरपी पाती तिला अलगद मानेकडं उतरवते.

आणि साधं सुवर्णफूल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कौटुंबिक छायाचित्रांत, डोक्यावरून पदर नसेल तेव्हा, अंबाड्याच्या एका अंगाला एकच फूल दिसतं. त्याची पाकळी पातळ पत्र्याची. पत्रा राळेच्या किंवा लाखेच्या गादीवर उलटा ठेवून मागून ठोकत उठाव आणायचा, मग सुलटा करून पुढून शिरा कोरायच्या. बोटानं चाचपलं तर बऱ्या आणि उत्तम कामातला फरक लगेच कळतो. बऱ्या कामात पाकळीची कड धारदार लागते. उत्तम कामात ती आत वळवलेली असते. पत्रा जाड भासतो, आणि शिवाय केस त्यात अडकत नाहीत. मागं दुहेरी आकडा, त्याचे दोन्ही पाय किंचित नागमोडी. सरळ पाय तेलकट केसांतून सरकतो, नागमोडी पाय धरून राहतो. इतक्या बारीक वळणात सौंदर्य आणि उपयोग दोन्ही एकाच घावात साधलेले असतात.

सोन्यानं ज्याची नक्कल केली ते खरं फूल मात्र मला सोन्याहून वरचढ वाटतं. गोव्यात अबोलीचे वळेसर, पुण्या-मुंबईत मोगऱ्याचा गजरा, शेवंतीची वेणी, बकुळीचे सर. आणि या सगळ्यांवर मात करणारी सिंधुदुर्गातली सुरंगी. वेंगुर्ल्याकडं आसोली, आरवली या गावांत सुरंगीची मोठी झाडं आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये खोडा-फांद्यांना चिकटून कळ्या येतात. त्या पहाटे, उमलण्याआधी काढायच्या आणि उन्हं चढायच्या आत ओवायच्या. केळीच्या सोपटाचा धागा यासाठी उत्तम, कारण तो ओलसर राहतो आणि देठ कापत नाही. वेणी नीट निरखली तर कळतं की कळ्यांचे देठ आत आणि तोंडं बाहेर अशी ती दाटून बांधलेली असते. केसांत माळल्यावर डोक्याच्या उबेनं कळ्या फुटतात आणि पिवळे केसर बाहेर येतात. घातली तेव्हा पांढुरकी, दुपारपर्यंत सोनेरी. अबोली रंग देते, वास देत नाही. मोगरा वास देतो, पण संध्याकाळी काळवंडतो. सुरंगी सुकली तरी वास सोडत नाही. कुठल्या सोनाराला असा दागिना घडवता आला आहे, जो माळल्यानंतर अंगावरच पुरा होतो?

या सगळ्या कौतुकाला एक काळी बाजू आहे आणि ती टाळून केसांच्या शृंगाराबद्दल लिहिणं खोटं ठरेल. राखडी, फूल, वेणी ही सवाष्णपणाची खूण होती. म्हणजे नवरा गेला की ती उतरायची, आणि कित्येक उच्चवर्णीय घरांत केसही. केशवपन ही दागिना हिरावण्याची शेवटची पायरी होती. माळायला जागाच उरू द्यायची नाही. याविरुद्ध मुंबईत १८९० मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनीच विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. जुन्या अंबाड्यावरचं फूल पाहताना ते कुणाला नाकारलं गेलं होतं हेही त्याच नजरेनं पाहायला हवं. आज केसांत गजरा माळणारी एकटी बाई कुणाला विचारत नाही, या गोष्टीनं त्या फुलाची शोभा माझ्या डोळ्यांत दुणावते.

रोजच्या वापरातून सोनं गेलं, ते साहजिकच गेलं. लोकलच्या गर्दीत राखडी घालून कोण जाईल? केस आखूड झाले, नोकरीची घाई आली, चोरीची भीती आली. दादरा-नगर हवेलीतल्या कारखान्यांच्या पाळीला निघालेल्या मुलींच्या केसांत आता प्लास्टिकचा चाप असतो, आणि त्या चापाच्या जबड्यातली स्प्रिंग नीट असेल तर तोही आपलं काम चोख करतो. लग्नसराईत मात्र नऊवारीबरोबर खोपा परत आला आहे. बाजारात मिळणारी मोत्यांची चंद्रकोर, खड्यांचं फूल, सगळं तयार. त्याच्या पाठीवर आकड्याऐवजी छोटी फणी जोडलेली असते. खोचली की बसली. घाईच्या लग्नाला हे सोयीचं आहे, आणि मोती हातानं तारेत ओवलेले असतील तर देखणंही.

हा दागिना पुऱ्या सन्मानानं अजून नांदतो तो तमाशाच्या फडात. नाचणाऱ्या बाया मुजऱ्याला प्रेक्षकांकडं पाठ करून उभ्या राहतात. पहिली ओळख पाठीची, चेहऱ्याची नंतर. त्या घटकेला अंबाड्याकडं पाहावं. त्याच्याभोवतीचा गजरा मुद्दाम एका टोकाला मोकळा सोडलेला असतो, चार बोटं, मानेवर लोंबता. ढोलकीच्या थापेला मान वळते, टोक अर्धी मात्रा उशिरानं वळतं, आणि ताल डोळ्यांना दोनदा दिसतो. मधलं फूल मात्र जागचं हलत नाही. दोन नागमोडी आकड्यांवर ते शेवटच्या चक्करीपर्यंत तसंच घट्ट बसतं.